काट्याचा सॅट-फाइंडर: स्वस्त आणि उपयोगी, पण उपग्रह ओळखत नाही

सॅट-फाइंडर म्हणजे छत्रीला मिळणारा उपग्रहाचा सिग्नल काट्याने दाखवणारा छोटा मीटर. डीडी फ्री डिशची छत्री लावायला हा मीटर पुरतो. एक टोक एलएनबीला (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग), दुसरं सेट-टॉप बॉक्सला जोडा. वीज बॉक्सकडूनच मिळते. महाराष्ट्रात छत्री आग्नेयेकडे, जीसॅट-१५ या उपग्रहासाठी; तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. काटा मध्यावर येईल इतपतच मीटरवरचा नॉब फिरवा, मग छत्री अगदी हळू सरकवा.

खरी मर्यादा इथेच आहे. मीटर फक्त सिग्नलचा जोर दाखवतो, शेजारचा उपग्रह लागला तरी तसाच पिपाणीसारखा वाजतो! म्हणून शेवटी बॉक्सवरची ‘क्वालिटी’ची पट्टी बघा. जोर भरपूर आणि क्वालिटी शून्य म्हणजे छत्री चुकीच्या उपग्रहाकडे, नाहीतर बॉक्सच्या सेटिंगमध्ये एलओ (एलएनबीची फ्रिक्वेन्सी) ९७५०/१०६०० भरलेलं नाही.

काटा हललाच नाही, तर एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाचा स्क्रूचा जोड) उघडा. केबलच्या बाहेरच्या जाळीची एखादी तार मधल्या तांब्याला चिकटलेली सापडते. काम झाल्यावर मीटर काढून ठेवा.