मुंबईत गोल्फ सुरू करायचाय : रेंज, सिम्युलेटर की थेट खारघर?

मुंबईतले गोल्फचे क्लब म्हणजे चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी (१९२७), हाजी अलीजवळचा विलिंग्डन (१९१८), कुलाब्याचा यूएस क्लब. ही नावं ऐकूनच पुष्कळजण हात टेकतात, कारण सभासद नसाल तर सहसा एखाद्या सभासदाचे पाहुणे म्हणूनच आत शिरता येतं. पण नवशिक्याला सभासदत्वाची घाई करायचं कारणच नाही. आधी ठरवायचं ते सराव कुठे करायचा आणि मैदानात कधी उतरायचं.

रेंज म्हणजे नुसते फटके मारायचं मोकळं मैदान. तिथे चेंडूंच्या बकेटचे पैसे भरायचे आणि चटईवरून मारायचं. चेंडू हवेत कुठे वळतो ते डोळ्यांना दिसतं, हा मोठा फायदा. सिम्युलेटर म्हणजे खोलीत पडद्यावर चेंडू मारायचा, त्याला तासाचं भाडं. पावसाळ्यात तोच आधार, आणि मित्रांत वाटून घेतलं तर परवडतंही. मात्र चौघांत एक तास म्हणजे प्रत्येकाला जेमतेम पंधरा मिनिटं. पैसे भरण्याआधी छताकडे बघा. उंच माणसाला ड्रायव्हर (लांब फटक्याची सगळ्यात लांब काठी) मोकळा फिरवायला दहा फूट तरी हवेत. त्याहून कमी असेल तर हात आपोआप आखडतात आणि तीच सवय मैदानावर जाते. पटिंग, म्हणजे चेंडू होलमध्ये (खळग्यात) हळूच ढकलणं, पडद्यासमोर शिकूच नका. घरच्या फरशीवर वाटी आडवी ठेवून केलेला सराव त्यापेक्षा बरा.

दोन्हीकडे एक फसवणूक सारखीच : चटई. क्लब (गोल्फची काठी) चेंडूच्या पाच-सहा सेंटिमीटर मागे आपटला तरी तो चटईवरून घसरत पुढे जातो, चेंडू बऱ्यापैकी उडतो आणि आपण खूश. गवतावर तोच क्लब मातीत रुततो, चेंडू चार पावलं जातो. म्हणून सेव्हन आयर्न (मध्यम अंतराचा लोखंडी क्लब) घेऊन चेंडूच्या सुमारे दहा सेंटिमीटर मागे घडी घातलेला टॉवेल ठेवा. टॉवेल हलला तर शॉट चुकला, चेंडू कितीही लांब गेलेला असो. सुरुवातीला ड्रायव्हरपेक्षा हाच क्लब हातात असावा.

चेंबूरच्या वस्तीतले कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारे) आणि पोरं तर रेंजवरही पैसे घालवत नाहीत. लोखंडी सळई वाकवून केलेला क्लब, प्लास्टिकचा चेंडू आणि गल्लीबोळ एवढ्यावर त्यांचा डाव रंगतो. भिंती, पत्रे, गटार चुकवत नेमकं टिपावं लागतं. लांब मारायची सोयच नसल्यामुळे तिथे छोटा खेळ (जवळचे, नेमके फटके) जसा पक्का होतो, तसा महागड्या सिम्युलेटरवर होत नाही.

सरावानंतर मैदान. खारघरला पांडवकड्याच्या परिसरातलं सिडकोचं गोल्फ कोर्स सभासद नसलेल्यांनाही ग्रीन फी (त्या दिवशी खेळायचं शुल्क) भरून खेळता येतं. निघण्याआधी फोन करून त्या दिवशी किती होल खुले आहेत, भाड्याचा सेट मिळेल का, हे विचारा. डावखुऱ्यांनी तर नक्कीच, कारण भाड्याचे सेट बहुधा उजव्या हाताचे असतात. नियमाने चौदा क्लब नेता येतात, पण पाच पुरतात : हायब्रिड (लांब फटक्याला), सेव्हन आयर्न, नाइन आयर्न, सँड वेज (वाळूतून काढायला), पटर (पटिंगला). नऊच होल खेळा, पुढच्या टीवरून (होलच्या जवळच्या, पहिला फटका मारायच्या जागेवरून), सकाळच्या पहिल्या वेळेत. नऊ होलना दोन तास सहज जातात. चेंडू शोधायला तीनच मिनिटं, मग सोडून द्या. मागचा गट खोळंबला की मजा जाते.

गुण मात्र स्टेबलफोर्डने, म्हणजे प्रत्येक होलला वेगळे गुण देणाऱ्या पद्धतीने मोजा. ५४ हँडिकॅप (अठरा होलमागे फटक्यांची सूट) धरला तर प्रत्येक होलला तीन फटके जादा मिळतात. पार चारच्या (चार फटक्यांत पुरा होणं अपेक्षित असलेल्या) होलवर सात फटक्यांना दोन गुण, आठला एक, नऊला शून्य. आठव्या फटक्यालाही चेंडू होलमध्ये पडला नाही तर सरळ उचला. साध्या स्ट्रोक प्लेत, जिथे सगळे फटके मोजतात, एकाच होलवर बारा-तेरा फटके झाले की सगळा डाव कडू होतो.

व्हीलचेअरवरून किंवा दृष्टिबाधित अवस्थेत खेळणाऱ्यांसाठी २०२३पासून नियम २५ गोल्फच्या मुख्य नियमपुस्तकातच आहे. एरवी बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) चेंडू न खेळता येण्याजोगा ठरवून बाहेर काढला तर दोन पेनल्टी फटके, व्हीलचेअरवाल्याला एकच. पण नियमाने वाट रुंद होत नाही. कार्ट (मैदानातली छोटी गाडी) ग्रीनजवळ (होलभोवतालच्या बारीक गवताजवळ) कुठपर्यंत नेऊ देतात, टीवर चढायला पायऱ्या आहेत की उतार, स्वच्छतागृहाचं दार किती रुंद आहे, हे फोनवरच विचारून घ्या.