यूकेच्या पार्टनर व्हिसासाठी तारखांची शीट: लग्नापासून व्हिसा हातात येईपर्यंतचा वापर

आमचं लग्न फेब्रुवारी 2025 मध्ये नाशिकला झालं. नवरा यूकेत आयएलआरवर, म्हणजे कायम राहण्याच्या परवानगीवर, आणि मी इथे नोकरीत. लग्नानंतर तो परत गेला त्याच आठवड्यात मी गूगल शीटवर एक तक्ता उघडला आणि व्हिसाची सगळी फाईल, एजंट न लावता, त्या एका तक्त्यावर चालवली. नाताळच्या आधी व्हिसा आला. इतके महिने रोज उघडलेल्या या गोष्टीबद्दल सविस्तर लिहिते आहे. लग्न ठरल्यावर मीही असंच काहीतरी मराठीत शोधत होते आणि हाताला आलं ते बहुतेक 'आम्हाला संपर्क करा' एवढंच.

तक्ता साधा आहे. एका ओळीत एक कागद. पुढे रकाने: कोणाचा कागद, कोण आणणार, कागदावरची तारीख, किती दिवस चालतो, भाषांतर लागतं का, स्कॅन झाला का, फाईलचं नाव. सगळ्यात वर एका चौकटीत अर्ज भरायची तारीख. प्रत्येक कागदाचं वय त्या वरच्या तारखेतून वजा होऊन येतं आणि मर्यादेबाहेर गेलं की चौकट लाल होते. एवढंच. पण हीच वजाबाकी सगळ्या फाईलचा प्राण आहे. कागदांची यादी कुठेही मिळते. कुठला कागद कधी काढायचा हे कोणी सांगत नाही, आणि लवकर काढलेला कागद उशिरा काढलेल्या कागदाइतकाच निरुपयोगी ठरू शकतो.

यूकेच्या पार्टनर व्हिसात सगळ्यात कडक भाग पैशाचा. स्पॉन्सरचं, म्हणजे तिथल्या जोडीदाराचं, उत्पन्न वर्षाला किमान 29,000 पाउंड हवं. ही मर्यादा 11 एप्रिल 2024 पासून आहे, त्याआधी ती 18,600 होती. एकाच कंपनीत सहा महिने पगारी नोकरी झाली असेल तर 'कॅटेगरी ए'. त्यात सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, तेच पगार जमा झालेले दाखवणारी सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट आणि कंपनीचं पत्र लागतं. आता खरी मेख: त्या सहा महिन्यांत ज्या महिन्याचा पगार सगळ्यात कमी, तो धरून वर्षाचा हिशेब करतात. माझ्या नवऱ्याने लग्नासाठी बिनपगारी रजा घेतली होती. म्हणजे फेब्रुवारीची स्लिप कमी रकमेची. ती अर्जात दाखवायच्या सहा महिन्यांच्या खिडकीत आली असती तर वर्षाचा आकडा 29,000 च्या खाली गेला असता, जरी त्याचा मूळ पगार मर्यादेच्या वर होता तरी. म्हणून मी खिडकी मार्च ते ऑगस्ट अशी धरली आणि अर्जाची तारीख सप्टेंबरवर नेली. घरी सगळे विचारत होते, "अगं, एवढं थांबायचं कशाला? एप्रिलमध्येच टाकून दे ना." शीट उघडून ती फेब्रुवारीची ओळ दाखवली की प्रश्न मिटायचा.

सप्टेंबर म्हटल्यावर दुसरा गुंता आला. पगाराच्या कागदांपैकी शेवटचा कागद अर्जाच्या तारखेच्या आधी 28 दिवसांपेक्षा जुना चालत नाही. ऑगस्टचा पगार 29 तारखेला जमा होणार होता. नवऱ्याचं म्हणणं, सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात भरून टाकू. तेव्हा इथे गणपती, आणि विसर्जन झालं की लगेच पितृपक्ष. सासूबाईंनी निफाडहून फोन करून सांगितलं, "पितृपक्षात असलं मोठं काम सुरू करू नका गं, घटस्थापनेला करा." मी वरच्या चौकटीत 22 सप्टेंबर टाकलं. ऑगस्टच्या स्लिपसमोर 24 आलं. हिरवं. 28 च्या आत. सासूबाईंचं मन राखलं गेलं, नियमही पाळला गेला, आणि नवऱ्याला बँकेच्या शाखेत जाऊन स्टेटमेंटच्या प्रत्येक पानावर शिक्का घ्यायला पुरेसा वेळ मिळाला. ऑनलाइन काढलेली स्टेटमेंट असतील तर हा प्रत्येक पानावरचा शिक्का किंवा ती खरी असल्याचं बँकेचं पत्र लागतं. कंपनीचं पत्रही आम्ही सप्टेंबरमध्येच घेतलं. त्यात नोकरी कधीपासून, कायम की करारावर, वर्षाचा पगार किती आणि तो पगार कधीपासून चालू आहे, या चारही गोष्टी असाव्या लागतात. एचआरचं नेहमीचं दोन ओळींचं पत्र पुरत नाही. मजकूर आधी आपणच लिहून पाठवावा.

जूनमध्ये नवऱ्याला दुसरीकडून जास्त पगाराची ऑफर आली. त्या रात्री मी तक्त्याची एक प्रत काढून तिला 'नवी नोकरी' नाव दिलं आणि तारखा बदलून पाहिल्या. कॅटेगरी ए धरली तर नव्या कंपनीतले सहा महिने पूर्ण होईपर्यंत, म्हणजे पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं. कॅटेगरी बी धरली तर आत्ताचा पगार 29,000 च्या खाली नकोच, शिवाय मागच्या 12 महिन्यांत मिळून 29,000 कमावलेले दाखवायचे, दोन्ही कंपन्यांच्या कागदांसकट. तेही जमलं असतं. पण जुन्या कंपनीकडून नोकरी सोडल्यावर पत्र मिळवत बसायचं आम्हाला पटलं नाही. त्याने ऑफर नाकारली. हा निर्णय आम्ही दोघांनी, दोन देशांत बसून, एकच पान समोर ठेवून घेतला. माझ्या लेखी शीटचा सगळ्यात मोठा उपयोग तिथेच झाला.

इकडच्या कागदांबद्दल. लग्नाची नोंदणी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात. तीन साक्षीदार, दोघांचे फोटो आणि ओळखीचे पुरावे, लग्नपत्रिका आणि फॉर्मवर लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. ही सही लग्नाच्या दिवशीच लॉन्सवर घेऊन ठेवा. आमचे गुरुजी पंचवटीतले, लग्नसराईत एका दिवशी दोन-दोन मुहूर्त असणारे. अक्षता पडल्यावर, पंगत बसायच्या आत, माझ्या भावाने फॉर्म पुढे केला आणि त्यांनी अंगठ्याला लागलेलं कुंकू उपरण्याला पुसून सही केली. त्या फॉर्मच्या कोपऱ्यावर अजून एक लालसर ठसा आहे. नंतर त्यांना गाठायचं म्हटलं असतं तर तुळशीच्या लग्नानंतरचा अख्खा मोसम गेला असता. नवरा परत जायच्या आत नोंदणी उरकायची असेल तर हीच सही सगळं अडवून धरते.

नाव बदलायचं की नाही हा आपल्याकडचा खास प्रश्न. माझ्या पासपोर्टवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव आहे. आधार, पॅन, बँक, पदवी, सगळं तसंच. लग्नानंतर नातेवाइकांनी लगेच आधारवर नाव बदलायला सांगितलं. मी व्हिसा येईपर्यंत काहीही बदललं नाही आणि इतरांनाही हेच सांगेन. एका कागदावर वडिलांचं नाव, दुसऱ्यावर नवऱ्याचं, तिसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, असं झालं की प्रत्येक फरकाला एक स्पष्टीकरण आणि एक प्रतिज्ञापत्र जोडत बसावं लागतं. शीटमध्ये 'कागदावरचं नाव' असा वेगळा रकाना ठेवा आणि स्पेलिंग जसंच्या तसं उतरवा. दोन ठिकाणी एक 'ए' जास्त असेल तरी तो तिथे दिसतो.

टीबीची तपासणी यूकेने मान्यता दिलेल्या केंद्रातच करावी लागते. दाखला सहा महिने चालतो. मी ऑगस्टमध्ये सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेले. इगतपुरीच्या पुढे घाटात धबधबे सुटलेले होते. दादरला उतरून एक्स-रे काढला आणि संध्याकाळी परत. एक्स-रेत काही संशय आला तर थुंकीची तपासणी होते आणि तिचा निकाल यायला आठ आठवडेही लागू शकतात. म्हणून ही तपासणी अर्जाच्या तोंडावर ठेवू नये. इंग्रजीची परीक्षा सोपी, ए1 पातळीची, फक्त बोलणं आणि ऐकणं. पण ती 'सेल्ट', म्हणजे यूकेने व्हिसासाठी मान्य केलेल्या यादीतली परीक्षाच हवी. कॉलेजप्रवेशासाठी दिलेली साधी आयईएल्ट्स इथे चालत नाही. क्लासवाले हे सांगतीलच असं नाही.

नातं खरं असल्याचे पुरावे हा भाग तक्त्यात बसत नाही आणि तो बसवायचा मी प्रयत्नही केला नाही. इथे मोजणी उपयोगाची नाही. भेटीची विमान तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, दोन्ही घरच्यांसोबतचे फोटो, एकमेकांना पाठवलेले पैसे, महिन्याला एखाद-दुसरा चॅटचा तुकडा. आमचे चॅट मराठीत, तेही इंग्रजी लिपीत टाइप केलेले. भाषांतराशिवाय असा कागद विचारात घेत नाहीत, म्हणून हजारो मेसेजमधून थोडेच निवडले आणि त्यांचं भाषांतर करून घेतलं. मी निवडले ते रोमँटिक मेसेज नव्हते. साखरपुड्याच्या हॉलचं भाडं, त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, तिकडे घर भाड्याने घेताना मला पाठवलेले खोल्यांचे फोटो आणि त्यावरची आमची चर्चा. संसार मांडणारी माणसं जे बोलतात ते. भाषांतर नाशिकच्या सीबीएस बसस्थानकापाशी, कोर्टाजवळ करून मिळतं, पण शिक्क्यापेक्षा मजकूर पाहा: भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क. हे सगळं त्या कागदावर असायला हवं.

राहण्याच्या जागेसाठी भाडेकरार, घरमालकाचं मी राहायला हरकत नसल्याचं पत्र आणि काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे तिथल्या घरपट्टीसारख्या कराचं, बिल जोडलं. त्यात अडचण आली नाही.

सुरुवातीला एका सल्लागाराकडे गेले होते. त्यांनी लग्नाच्या दाखल्याचं अपॉस्टील (परदेशात चालावा म्हणून कागदावर घेतलेला सरकारी शिक्का) आणि पोलिस क्लिअरन्स (गुन्हा नसल्याचा पोलिसांचा दाखला) दोन्ही 'लागणारच' म्हणून सांगितलं आणि त्याचे वेगळे पैसे लावले. अर्ज भरल्यावर यूके सरकारच्या साइटवरून आलेल्या आमच्या यादीत यांपैकी काहीच नव्हतं. फीच मुळात मोठी आहे: आमच्या वेळी, एप्रिल 2025 पासूनच्या दराने, परदेशातून अर्जाला 1,938 पाउंड आणि वर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार वर्षाला 1,035 प्रमाणे 3,105 पाउंड होता, कारण व्हिसा 33 महिन्यांचा आणि हिशेब तीन वर्षांचा धरतात. अशा वेळी नको त्या शिक्क्यांवर पैसे घालवणं जिवावर येतं. अधिभाराचे पैसे अर्जासोबतच जातात, हप्ते नाहीत. कार्डाची मर्यादा आधी वाढवून घ्या.

आता शीटच्या उणिवा. चौकट लाल होते, पण ती आपल्याला हाक मारत नाही. महत्त्वाच्या तारखा मोबाइलच्या कॅलेंडरवर वेगळ्या टाकाव्याच लागतात. मोबाइलवर एवढे रकाने वाचताना डोळे दुखतात, हे काम लॅपटॉपचंच. आणि पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन देश 'भारत' किंवा 'युनायटेड किंग्डम' निवडा. अमेरिकी पद्धत चालू राहिली तर 08/09 म्हणजे 9 ऑगस्ट समजलं जातं, आणि 28 दिवसांच्या हिशेबात असा फरक परवडत नाही. दोघांनी एकाच वेळी ओळी बदलू नयेत म्हणून आम्ही रंग वाटून घेतले, त्याच्या ओळी निळ्या, माझ्या पिवळ्या. स्कॅनसाठी मोबाइलचं अॅप पुरलं, फक्त पिवळ्या बल्बखाली काढलेले स्कॅन बाद केले आणि सकाळी खिडकीपाशी पुन्हा काढले. फाईलच्या नावाची सुरुवात तारखेने, वर्ष आधी, मग महिना. त्यामुळे व्हीएफएसच्या, म्हणजे व्हिसा अर्ज केंद्राच्या, अपॉइंटमेंटआधी कागद अपलोड करताना सगळे आपोआप ओळीने लागलेले होते.

निकाल साधारण 12 आठवड्यांत येतो असं सांगतात, आमचा त्या मुदतीत आला. तोवर मी नोकरीचा राजीनामा दिला नव्हता. घरच्यांनी निरोपसमारंभाची तारीखही ठरवली होती, ती मी पुढे ढकलली.

शीट अजून चालू आहे. आता तिच्यात नव्या ओळी आहेत: 33 महिने संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज, त्यासाठी ए2 पातळीची परीक्षा, तोवर दोघांच्या नावाने एकाच पत्त्यावर येणारी बिलं. ही बिलं पहिल्या महिन्यापासून जमवायला लागतात, म्हणून मी पोहोचल्याबरोबर पाण्याच्या बिलावर माझं नाव घालून घेतलं.

कोणी वापरावी? जोडीदार पगारी नोकरीत आहे, पूर्वी कुठला व्हिसा नाकारलेला नाही, दोघांचंही पहिलं लग्न आहे, त्यांनी बिनधास्त. स्वतःचा धंदा असेल, स्वतःच्याच कंपनीतून पगार घेत असेल, किंवा आधी नकार आलेला असेल, तर तारखांची वजाबाकी पुरी पडणार नाही. तिथे यूकेतल्या नोंदणीकृत इमिग्रेशन सॉलिसिटरला पैसे द्यावेत आणि ही शीट त्याच्यासमोर ठेवावी.