सहा इंची सुपरहिरो फिगर: चेहरा झकास, घोटे कच्चे

१:१२ प्रमाणातल्या (म्हणजे खऱ्या उंचीच्या बाराव्या हिश्श्याच्या) या खेळण्यातल्या फिगरचा चेहरा पाहूनच पैसे वसूल वाटतात. बुबुळं छापील, दोन्ही एका रेषेत. हाताने रंगवलेल्या डोळ्यांत डोकावणारा तिरळेपणा इथे नाही. छातीवरच्या चिन्हाची कडा मात्र भिंगाखाली जराशी फुटलेली दिसते. गुडघे दुहेरी सांध्याचे, छान वाकतात. खरी गोची घोट्यांची: केप जड, सांधे सैल, म्हणून फिगर मागे कलंडते. स्टँड लावाच. कोपर रंगाने चिकटलेलं असेल तर जोर लावू नका, आतली खुंटी पिळवटून तुटते. गरम पाण्यात (उकळत्या नव्हे) मिनिटभर बुडवून हळूहळू वाकवा. सैल सांध्याला पारदर्शक अ‍ॅक्रिलिक वार्निशचा पातळ हात द्या आणि वाळेपर्यंत सांधा हलवत राहा, नाहीतर तोही चिकटून बसायचा.