गणित मंडळ: शनिवारचं की शाळा सुटल्यावरचं?

शाळेत गणित मंडळ काढायचं म्हटलं की आपल्याकडं दोनच नमुने समोर येतात. एक शनिवारचं: सगळ्यांना मोकळं, कोडी आणि खेळांचं. दुसरं शाळा सुटल्यावरचं: निवडक मुलांना बसवून एनएमएमएस (आठवीत द्यायची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा) नाहीतर गणित ऑलिंपियाडची तयारी करून घेणारं. मुख्याध्यापकांना बहुतेक वेळा दुसरं हवं असतं, कारण त्याचा निकाल फलकावर लावता येतो. पालकांचंही तेच. लातूर पॅटर्नच्या, म्हणजे मार्कांसाठी घोटून तयारी करून घेण्याच्या, मुलखात ‘यानं मार्क वाढतील का?’ हा प्रश्न पहिल्याच पालकसभेत येणार, त्याचं उत्तर तयार ठेवा.

पण निवड करण्याआधी एसटीचं वेळापत्रक बघा. तालुक्याच्या हायस्कूलात वाडी-तांड्यावरच्या मुली मानव विकासच्या (मुलींना शाळेत मोफत नेणाऱ्या सरकारी योजनेच्या) निळ्या बसनं येतात आणि शाळा सुटली की त्याच बसनं जातात. मंडळ त्यानंतर भरणार असेल तर या मुली पहिल्याच आठवड्यात गळतात. उरतात ती गावातच राहणारी, सायकलवाली पोरं. मग ‘मुलींना गणितात रस नसतो’ म्हणायला आपण मोकळे! शनिवारचं मंडळ शाळेच्या वेळेत बसवता येतं. पहिली ते आठवीसाठी २०२४ पासून ‘आनंददायी शनिवार’, म्हणजे खेळ-उपक्रमांचा शनिवार, आहेच. नववीसाठी मात्र मुख्याध्यापकांकडून एक तास मागून घ्यावा लागतो.

दुसरी अडचण ऊसतोडीची. बीड, धाराशिव, जालन्याकडच्या कित्येक गावांतली लेकरं दिवाळीच्या आसपास आई-बापाबरोबर फडावर जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावरच परततात. एनएमएमएस साधारण डिसेंबरात असते, म्हणजे तयारी ऐन भरात असताना गट अर्धा होतो. आई-बाप तोडीला गेल्यावर लेकरांना गावातच ठेवणारं हंगामी वसतिगृह असेल तिथं काही जण टिकतात. तयारीच्या गटात एक धडा दुसऱ्यावर उभा असतो, त्यामुळं मधले चार महिने बुडालेलं पोरगं परत येऊन बसलं तरी त्याला काही उमगत नाही. कोड्यांच्या मंडळात प्रत्येक शनिवार सुटा असतो. मार्चमध्ये आलेलं लेकरू त्याच दिवशी खेळात सामील होतं.

या शनिवारात नेमकं काय होतं, ते सांगतो. दोघांत एकवीस चिंचोके ठेवायचे. आळीपाळीनं एक, दोन किंवा तीन उचलायचे. शेवटचा चिंचोका उचलेल तो जिंकला. सुरुवातीला सगळे अंदाजानं उचलतात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की समोरच्यापुढं चार ठेवले की तो गेलाच. मग आठ ठेवले तरी गेला, बारा ठेवले तरी. म्हणजे पहिल्यानं एकच उचलावा आणि वीस ठेवावेत. हे वर्गभर पसरलं की नियम उलटा करायचा: शेवटचा उचलेल तो हरला. आता तोच पहिला खेळाडू, समोरचा चुकला नाही तर, काहीही केलं तरी हरतो. का, हे एकानं फळ्यावर येऊन सांगायचं. पाढ्यांना घाबरणारी पोरंसुद्धा इथं भांडतात, आणि भांडताना चारनं भाग देऊन बाकी काढतात.

असाच दुसरा हमखास चालणारा शनिवार म्हणजे कापरेकरांचा. देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये ६१७४ ही संख्या जगापुढं आणली. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजाबाकी करा, उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. वजाबाकीचा एवढा सराव स्वाध्याय देऊन कुणी करत नाही.

आता तयारीच्या गटाची बाजू. एनएमएमएस मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, आणि साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरात या पैशाला वजन आहे. ते कोड्यांच्या आनंदाखाली झाकू नये. ऑलिंपियाडचं गणित वेगळं. त्याची पहिली पायरी आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा: तीन तास, तीस प्रश्न, पुढं विभागीय पातळीची आरएमओ, मग राष्ट्रीय पातळीची आयएनएमओ. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका फुकट आहेत, झेरॉक्सचाच काय तो खर्च. पण ते प्रश्न स्वतः सोडवायची हौस असलेला शिक्षक लागतो, आणि मराठी माध्यमाच्या मुलांचा निम्मा वेळ प्रश्नाची भाषा समजण्यात जातो. नांदेड-संभाजीनगरसारख्या शहरात, सेमी-इंग्रजीच्या वर्गात, जवळ राहणारी पाच-सहा हुशार मुलं असतील तर जरूर करा. पहिल्या वर्षी कुणी पात्र ठरेल असं मात्र पालकांना सांगू नका.

चालवायचं कुणी, हाही फरक आहे. तयारीचा गट सरांवर चालतो. सरांची बदली झाली की तो मिटला. शनिवारचं मंडळ नववीची दोन मुलं चालवू शकतात: कोडं निवडायचं, साहित्य मांडायचं, वहीत कोण काय म्हणालं ते लिहायचं. मॅडम किंवा सर मागच्या बाकावर. कारभार दहावीकडं देऊ नका, दिवाळीनंतर ती बोर्डाच्या परीक्षेत बुडतात. आठवीतला एक जोडीदार आत्ताच धरून ठेवा.

तालुक्याच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत असाल तर मी शनिवारचंच सुचवेन, जूनपासून. एनएमएमएसच्या बौद्धिक क्षमता चाचणीतले आकृत्यांचे, संख्यामालिकांचे प्रश्न त्यातच दोन-तीन शनिवारी खपतात. जी चार लेकरं तास संपला तरी उठत नाहीत, त्यांना जुन्या प्रश्नपत्रिका द्या, मधल्या सुट्टीत. आणि २२ डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिनी, ‘काहीतरी करून दाखवा’ असा निरोप आला तर रामानुजनांवर भाषणं बसवू नका. मंडळातल्या पोरांना चिंचोके देऊन पाचवी-सहावीच्या वर्गांवर पाठवा, जोडीला एक मोठी मुलगी आणि एक मोठा मुलगा. पुढच्या जूनचे सभासद तिथूनच मिळतात.