एरागॉन : आठ महिने, दोन वाचनं आणि एक वाटी खळ

परवा रात्री 'एरागॉन' या ड्रॅगनच्या कादंबरीने कणा सोडला. पावसाळी हवेत डिंक आधीच फुगला होता, पान उलटायला गेलो तर मधला गठ्ठाच मांडीवर आला. बाइंडिंगवाल्याने ऐंशी रुपये सांगितले. पुस्तक दिवाळीत किलोच्या प्रदर्शनातून घेतलेलं, वजनावर पंचाहत्तर रुपयांना पडलं होतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! घरीच मैद्याची खळ शिजवली. आई म्हणाली, चिमूटभर मोरचूद घाल, नाहीतर झुरळं खातील. घातला. पानं चिकटवून वर पाटा ठेवला आणि तो वाळेपर्यंत हे लिहायला बसलोय.

गोष्ट सांगत बसत नाही. ड्रॅगनचं निळं अंडं, शेतकऱ्याघरचं पोर एरागॉन, म्हातारा गुरू ब्रॉम, दुष्ट राजा, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. 'हे सगळं आधी कुठेतरी वाचलंय' ही तक्रारही जुनी आहे आणि खरी आहे. सूर्य मावळला की वर्णनात अर्धं पान गेलंच समजा. हे सगळं मी सोडून दिलं.

सोडवत नाही ती तलवारबाजी. गाव सोडल्यावर ब्रॉम या पोराला रोज संध्याकाळी काठीने खेळायला शिकवतो. सुरुवातीला अंगभर वळ उठतात, इथपर्यंत झकास. पण काही महिन्यांतच पठ्ठ्या ब्रॉमला भारी पडायला लागतो. पुढे मर्टाग भेटतो. तो राजाच्या दरबारात वाढलेला, लहानपणापासून तलवारीत मुरलेला. त्याच्याशीही याची बरोबरी सुटते! आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत हे कुणाला सांगून बघा. मी दहावीपर्यंत तालमीत जात होतो. पहिलं वर्ष निव्वळ जोर, बैठका आणि हौद्यातली माती खणण्यात गेलं. वस्तादांनी डाव दाखवला तो त्यानंतर. इथे घोड्यावरून प्रवास चाललाय, रात्री ससा भाजून खायचा, खुराकाचा पत्ता नाही आणि लढत बरोबरीत. जानेवारीत पहिल्यांदा वाचलं तेव्हा इथेच पुस्तक आपटलं होतं. (कणा तेव्हाच ढिला झाला असावा, हे आता लक्षात येतंय.)

मग भाच्याने सांगितलं की लेखक क्रिस्टोफर पाओलिनीने हे पंधराव्या वर्षी लिहायला घेतलं. घरच्यांनीच 2002 मध्ये छापलं, मोठ्या प्रकाशनाने 2003 मध्ये काढलं. पंधराव्या वर्षाच्या पोराला सहा महिन्यांत पैलवान व्हायचं असतंच. मलाही व्हायचं होतं. राग थोडा उतरला आणि जूनमध्ये परत हातात घेतलं.

दुसऱ्या वाचनात जादू सापडली. म्हणजे पहिल्यांदाही होतीच, मी तलवारीवर डूख धरून बसलो होतो. इथली जादू फुकटची नाही. जे काम हाताने करायला जेवढी ताकद लागेल, तेवढीच मंत्राने करायलाही लागते. ब्रॉम सुरुवात कशाने करतो? एक खडा मंत्राने उचलायला लावतो. तासन् तास तोच खडा. पोरगं वैतागतं. ही खरी तालीम! यझुआक गावात तर याच्या तोंडून नुसतं 'ब्रिसिंगर' निघतं, बाणाला निळी आग लागते, समोरचे अर्गल (शिंगवाले राक्षस) मरतात आणि हाही गळाठून पडतो. वाचताना मला पहिल्या शंभर जोरांनंतरचे आपले थरथरणारे दंड आठवले. ज्या लेखकाला दम म्हणजे काय हे इतकं नेमकं कळतं, त्याने तलवारीच्या वेळी हात सैल का सोडला, हे कोडं मात्र तसंच आहे.

ब्रॉमसाठी मात्र पैसे वसूल. विचारलेलं सांगणार नाही, सांगितलं तर अर्धंच, वर डाफरणार. एक डाव राखून ठेवणारा अस्सल वस्ताद. तो जातो ते प्रकरण दोन्ही वेळा एका बैठकीत वाचलं, आणि दुसऱ्यांदा चहा गार झाला.

भाचा चारही भाग वाचून बसलाय. काल म्हणाला, "मामा, तुम्ही दुसरा वाचाच. त्यात एल्फ जमातीतला एक जण एरागॉनला तलवारीत रोज हरवतोय." हे ऐकून इतकं बरं वाटलं की लगेच दुकानात जाऊन किंमत विचारली. नवी प्रत आहे. पण दिवाळीला किलोचं प्रदर्शन परत लागेल, तेव्हा बघू. तोवर पाटा उचलून बघतो, खळ वाळली असेल.