घोडा आणि तंबू : माथेरान की पाचगणी?

मावसबहिणीला दोन दिवसांत मुलांना घोड्यावरही बसवायचंय आणि तंबूतही झोपवायचंय. माथेरान की पाचगणी, यावर तिचं घोडं अडलंय.

घोड्यांत माथेरान सरस. तिथे घोडा ही चैन नाही, वाहतूक आहे. गावाच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या गाड्या जात नाहीत, त्यामुळे माणसं घोड्यावरून, ई-रिक्षातून, मिनी ट्रेनने नाहीतर पायीच गावात पोचतात. तांबड्या मातीच्या वाटा, वर झाडांची सावली आणि एकेका पॉइंटपर्यंतची बऱ्यापैकी लांब रपेट. पाचगणीला टेबललँड पठाराच्या उघड्या जांभ्या खडकावर चक्कर मारून आणतात. बसलो म्हणेपर्यंत उतरायची वेळ. पण पाच वर्षांच्या भित्र्या पोराला तेवढंच पुरतं. भाव दोन्हीकडे चढण्याआधी ठरवा.

तंबूचं गणित उलटं. माथेरान 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र. तिथे राहायचं हॉटेलात किंवा घरगुती खोलीत, तंबूसाठी खाली कर्जतकडे उतरावं लागतं. पाचगणीहून धोम धरणाच्या काठाला किंवा लांब तापोळ्याला तंबू मिळतात. टेबललँडवर मात्र नाही.

कष्ट? मुंबईहून माथेरानच्या पायथ्याचं नेरळ लोकलने गाठता येतं, पाचगणीला घाटातून गाडी. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्टेशन) मिनी ट्रेन बंद असते, तंबूही दोन्हीकडे नकोच.

मुलं दहाच्या पुढची आणि घोड्याचं वेड असेल तर माथेरान. तंबूचा हट्ट असेल आणि स्वतःची गाडी असेल तर पाचगणी.