पीपीएफ : पूर्ण मुदत वापरून पाहिल्यानंतरचा अभिप्राय

माझे पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे, खाते ३१ मार्च २०२५ रोजी मुदतपूर्तीला आले. फेब्रुवारी २०१० मध्ये एका राष्ट्रीयीकृत बँकेत ते उघडले, तेव्हा पंधरा वर्षे म्हणजे फेब्रुवारी २०२५ असा माझा सरळ हिशेब होता. प्रत्यक्षात ही मुदत खाते ज्या आर्थिक वर्षात उघडले ते वर्ष संपल्यापासून मोजली जाते, आणि म्हणून ‘पंधरा वर्षांच्या’ या योजनेत तब्बल सोळा आर्थिक वर्षांत पैसे भरता येतात. योजनेच्या माहितीपत्रकावरून लिहिलेले लेख दर मार्चमध्ये वाचायला मिळतात. पूर्ण मुदत वापरून काय अनुभव आला, हे मात्र फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून हा अभिप्राय.

योजनेची ओळख थोडक्यात पुरे. १९६८ पासून चालत आलेल्या या योजनेत वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात, एका व्यक्तीला एकच खाते काढता येते, संयुक्त खात्याची सोय नाही आणि मुद्दल व व्याज दोन्हींना केंद्र सरकारची हमी आहे. मी सुरुवात केली तेव्हा कमाल मर्यादा ७० हजार होती. ती २०११ मध्ये एक लाख आणि २०१४ मध्ये दीड लाख झाली. त्यानंतर ती हललेली नाही. इतक्या वर्षांच्या महागाईनंतरही दीड लाखांवरच अडकलेली ही मर्यादा हा माझ्या मते योजनेचा पहिला दोष.

मुदतपूर्तीनंतर मी जुने पासबुक उघडून बसलो. पहिल्या सात-आठ वर्षांच्या जवळजवळ सगळ्या नोंदी मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यातल्या आहेत: २२ मार्च, २८ मार्च, ३० मार्च. त्यांच्या खाली लगेच ३१ मार्चची व्याजाची नोंद आहे, आणि त्या व्याजात नुकत्याच भरलेल्या रकमेचा वाटा शून्य. याचे कारण योजनेच्या एका नियमात आहे. पीपीएफमध्ये व्याज दर महिन्याला मोजले जाते, पण ते महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरच्या तारखेपर्यंत खात्यात असलेल्या किमान शिलकीवर, आणि वर्षभराचे असे साठलेले व्याज ३१ मार्चला एकदम जमा होते. म्हणजे ६ तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचे व्याज नाही, आणि मार्चच्या २८ तारखेला भरलेल्या पैशाला त्या वर्षाचे काहीच नाही.

हा फरक किरकोळ वाटतो, पण आकडे मांडले की तो तसा राहत नाही. सध्याच्या ७.१ टक्के दराने दीड लाख रुपये ५ एप्रिलच्या आत भरले, तर त्या वर्षी १०,६५० रुपये व्याज मिळते. दरमहा साडेबारा हजार प्रमाणे, पण प्रत्येक वेळी ५ तारखेच्या आत भरले, तर ५,७६८ रुपये मिळतात. मार्चअखेर भरले तर काहीच नाही. हाच दर पंधरा वर्षे कायम धरून दरवर्षी दीड लाख एप्रिलच्या सुरुवातीला भरणाऱ्याच्या हाती शेवटी सुमारे ४० लाख ६८ हजार येतात, तर तेवढीच रक्कम, तेवढ्याच वेळा, पण मार्चअखेर भरणाऱ्याच्या हाती सुमारे ३७ लाख ९८ हजार. दोघांनी खिशातून घातले ते साडेबावीस लाखच. पावणेतीन लाखांच्या घरातला हा फरक निव्वळ तारखेचा आहे. पीपीएफवर लिहिणारे व्याजदराच्या पाव टक्क्यासाठी वाद घालतात, आणि बचत करणारा मात्र दरवर्षी न चुकता अकरा-बारा महिन्यांचे व्याज सोडून देतो. मीही दिले.

मार्चअखेरच्या घाईची दुसरी शिक्षा मला एका वर्षी चेकने मिळाली. दुसऱ्या बँकेचा चेक मी २९ मार्चला काउंटरवर दिला, पोचपावतीवर शिक्का घेतला आणि निर्धास्त झालो. खात्यात रक्कम आली ३ एप्रिलला. पीपीएफमध्ये चेक दिल्याची तारीख धरत नाहीत, तो वटून पैसे जमा झाल्याची तारीख धरतात, हे शाखेतल्या कोणीही चेक घेताना सांगितले नाही. अर्थात मीही विचारले नव्हते. त्या वर्षीची ८०सीची, म्हणजे आयकर कायद्याच्या त्या कलमाखाली करपात्र उत्पन्नातून मिळणारी, वजावट गेली, आणि ती रक्कम पुढच्या वर्षाच्या मर्यादेत मोजली गेली. वर्षाच्या सुरुवातीला सहज म्हणून भरलेले हजार रुपये तेवढे कामाला आले, कारण किमान ५०० रुपयेही भरले नसते तर खाते खंडित होऊन, ते पुन्हा सुरू करायला प्रत्येक चुकलेल्या वर्षामागे ५० रुपये दंड भरावा लागला असता.

व्याजदराविषयी माझे मत संमिश्र आहे. १९८६ पासून १९९९ च्या अखेरपर्यंत या योजनेने १२ टक्के दिले, आणि आधीची पिढी आजही त्याच आठवणीवर पीपीएफची शिफारस करते. मी शिरलो तेव्हा दर ८ टक्के होता, २०१२-१३ मध्ये तो ८.८ पर्यंत गेला, आणि एप्रिल २०२० पासून ७.१ वर थांबला आहे. अल्पबचत योजनांचा आढावा घेणाऱ्या श्यामला गोपीनाथ समितीच्या शिफारशीनंतर हा दर सरकारी रोख्यांच्या परताव्याशी जोडला गेला आणि २०१६ पासून दर तिमाहीला त्याचा आढावा घेतला जातो. पण सूत्र काहीही म्हणो, अंतिम आकडा सरकारच ठरवते. याचा सर्वांत गमतीशीर नमुना ३१ मार्च २०२१ रोजी पाहायला मिळाला. त्या संध्याकाळी पीपीएफचा दर ७.१ वरून ६.४ टक्के केल्याचे जाहीर झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थमंत्र्यांनी तो आदेश नजरचुकीने निघाल्याचे सांगून मागे घेतला. पैसे पंधरा वर्षे अडकवायचे आणि दराची शाश्वती मात्र तीन महिन्यांची, ही या योजनेची सर्वांत खटकणारी बाजू. मुदत ठेवीत निदान ठेव ठेवताना ठरलेला दर शेवटपर्यंत मिळतो.

तरीही इतकी वर्षे मी खात्यात राहिलो, ते करमाफीमुळे. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात, कारण मार्चच्या गडबडीत त्यांची सरमिसळ होते. भरलेल्या रकमेवरची ८०सीची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत, जी २०२३-२४ पासून मूळ पर्याय आहे, ती नाही. व्याज आणि मुदतपूर्तीची रक्कम मात्र दोन्ही प्रणालींत करमुक्त आहे. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाला उपकर धरून ७.१ टक्के करमुक्त म्हणजे सुमारे १०.३ टक्के करपात्र व्याजाच्या बरोबरीचे. लहान मुलीच्या नावाने काढायचे सुकन्या समृद्धी खाते सोडले, तर सरकारी हमीचे दुसरे कोणतेही खाते सध्या त्याला एवढे देत नाही, आणि नव्या प्रणालीत गेलो म्हणून पीपीएफ बंद करायला निघालेल्या माझ्या दोन सहकाऱ्यांना मी हेच गणित दाखवले.

पण हेच गणित उलटेही फिरते, आणि ते सांगणे अधिक गरजेचे आहे. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. ज्याचे उत्पन्न व्याज धरूनही या रेषेच्या बऱ्यापैकी खाली आहे, त्याला करमुक्त व्याजाचे काही अप्रूप नाही, कारण त्याचे करपात्र व्याजही करावाचूनच सुटते. एप्रिल २०२५ च्या तिमाहीत टपाल कार्यालयाचे राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र पाच वर्षांसाठी ७.७ टक्के देत होते, तेही खरेदीच्या वेळचा दर कायम ठेवून. अशा माणसाने केवळ सवयीने, किंवा वडील भरत होते म्हणून, मार्चमध्ये पीपीएफ भरणे म्हणजे कमी दर आणि लांब मुदत दोन्ही एकदम पत्करणे आहे. नोकरदारासाठी आणखी एक तुलना राहते: ऐच्छिक भविष्य निर्वाह निधीला, म्हणजे पगारातून पीएफमध्ये स्वेच्छेने भरलेल्या जादा वर्गणीला, २०२४-२५ साठी ८.२५ टक्के मिळाले. स्वतःची वर्गणी वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर ते व्याजही साधारणपणे करमुक्त असते, तेव्हा ती जागा आधी भरून मग पीपीएफकडे वळणे हिशेबाला धरून होईल.

पैसे काढण्याविषयी फार तक्रार नाही. सातव्या आर्थिक वर्षापासून मर्यादित रक्कम काढता येते. मी ती सोय एकदा, घराच्या दुरुस्तीसाठी वापरली आणि पाच दिवसांत पैसे बचत खात्यात आले. काढणे अवघड आहे, ही गोष्ट मला कालांतराने दोषापेक्षा गुण वाटू लागली. व्यवसाय करणाऱ्यांसाठी आणखी एक बाब मोलाची आहे: कर्जाच्या वसुलीसाठी न्यायालयाच्या आदेशाने या खात्यावर जप्ती आणता येत नाही.

बँकेच्या सेवेची खरी परीक्षा मुदतपूर्तीला झाली. २०१८ पासून माझ्या पगाराच्या खात्यातून दर महिन्याच्या २ तारखेला साडेबारा हजार रुपये पीपीएफला जाण्याची कायमची सूचना दिलेली होती, आणि २ एप्रिल २०२५ रोजीही ती नेहमीसारखी चालली. शाखेत विचारले तर काउंटरवरील तरुणाने हसून सांगितले, “सर, काळजी करू नका, खाते आपोआप पुढे चालू राहतं. फॉर्मची काही गरज नाही.” हे अर्धेच खरे आहे. काहीही न करता खाते पुढे चालते आणि शिलकीवर व्याजही मिळते, पण नवे पैसे न भरता. पैसे भरत राहायचे असतील तर मुदतपूर्तीपासून एका वर्षाच्या आत फॉर्म ४, म्हणजे पूर्वीचा फॉर्म एच, द्यावाच लागतो. नाहीतर भरलेल्या त्या रकमांवर व्याज मिळत नाही, आणि वर्ष उलटल्यावर भरणा सुरू ठेवण्याचा पर्याय कायमचा जातो. माझ्यासारखी स्वयंचलित सूचना देऊन विसरून गेलेल्या माणसाला हा सापळा आहे. पैसे भरणे, शिल्लक पाहणे, उतारा काढणे हे सगळे मोबाइलवर होते, आणि सोळा वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मात्र कागदी फॉर्मवर, शाखेत जाऊनच नोंदवावा लागला.

तो फॉर्म मी ९ एप्रिलला दिला. त्याच फेरीत नामनिर्देशनही बदलले, कारण २०१० साली नॉमिनी म्हणून लिहिलेले वडील आता नाहीत. यासाठी पूर्वी ५० रुपये घेत, ते शुल्क आदल्याच आठवड्यात रद्द झाले होते. व्यवस्थापकांनी नियमांची प्रत मागवून घेतली, ती शांतपणे वाचली, त्या तरुणालाही बोलावून दाखवली, आणि पासबुकाच्या पहिल्या पानावरची जुनी तारीख खोडून तिच्या शेजारी निळ्या शाईने ३१-०३-२०३० असे लिहून सही केली.